चारही धुराडी खरी

आधी जहाज गाडीत चढलं, माणूस मागून.

अकोल्याच्या स्टँडवर आठ-दहाची अमरावती उभी होती. माघातली थंडी, ज्याच्या त्याच्या कानाला मफलर, आणि मी दारात उभी राहून "मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती" असा घसा फोडत होते. तेवढ्यात दारातून एक लांबलचक काळं नाक आत घुसलं. मी बाजूला झाले. नाकामागून साडेतीन फुटांचं काळंपांढरं अंग आलं, मग एक लाल धुराडं, दुसरं, तिसरं, चौथं... आणि सगळ्यात शेवटी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, भर थंडीत घामाघूम झालेला एक मुलगा.

"ओ भाऊ, हे काय आणून राहिले?"

"जहाज आहे."

"थे दिसते मले. पण अकोल्यात समुद्र कुठी हाय?"

"नाही ना. म्हणून तर तुमच्या गाडीनं नेतोय."

हे तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला की मला हसू दाबावं लागलं. सकाळच्या पहिल्या फेरीला कंडक्टरनं हसायचं नसतं. हसलं की दिवसभर सुट्टे कोणी देत नाही.

"टायटॅनिक हाय काय जी?" मागून एका काकांनी विचारलं.

"नाही काका. मॉरिटानिया."

"दिसते तं टायटॅनिकच."

"हिचं नशीब बरं होतं. ही बुडाली नाही."

मी जहाजाचं सामानाचं तिकीट फाडलं. गाडी तशी रिकामीच होती, म्हणून त्यानं जहाज सात नंबरच्या सीटवर खिडकीशी उभं टेकवलं आणि स्वतः आठ नंबरवर अंग चोरून बसला. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन निघालेला नवरा असाच बसतो.

मी दामिनी अढाऊ, गाव तेल्हारा. आमच्या घरातली मी पहिली नोकरदार बाई. खाकी चढवली तेव्हा बाबांशी एक करार झाला होता. दोन वर्षांत कायम झाले, तर पुढचं सगळं माझ्या मर्जीनं. नाही झाले, तर बिल्ला परत करायचा आणि बाबा दाखवतील त्याच्या गळ्यात मुकाट्यानं माळ घालायची. त्या दोन वर्षांतले शेवटचे दोन महिने उरले होते आणि माझ्या नावावर एकही तक्रार नव्हती. नव्या कंडक्टरच्या नावावर एक तक्रार चढली तरी कायमचा कागद अडकतो. त्यामुळे गाडीतल्या तक्रार पुस्तकाला मी घरात शिरलेल्या विंचवाला जपावं तशी जपून होते. कुठे आहे ते कायम माहीत असायचं, आणि हात लावायचा नाही.

बोरगाव मंजू गेलं, तिकिटं झाली. माझी सीट त्याच्या पुढेच. मी मागे वळून विचारलं, "तुमीच बनवलं काय हे?"

"हो. अकरा महिने लागले. जठारपेठेत माझं दुकान आहे. बिल्डर लोकांना इमारतींची मॉडेलं करून देतो. पोटासाठी फ्लॅट, आणि... हौसेसाठी लायनर."

"लायनर म्हंजे?"

बस. एवढंच विचारायचा अवकाश. चष्मा वर सरकला आणि माणूस एकदम उजळला.

"लाइनवर चालणारं जहाज. ठरलेला रस्ता, ठरलेला दिवस. त्याआधी जहाज भरलं की सुटायचं. माल येईना, माणसं येईनात, तर बसा बंदरात आठ-आठ दिवस."

"काळीपिवळीवानी."

"अगदी तसंच! मग दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या काही व्यापाऱ्यांनी ठरवलं. भरो न भरो, ठरल्या तारखेला जहाज लिव्हरपूलला निघणारच. आणि पहिलं निघालं ते भर जानेवारीत, बर्फ पडत असताना. लोक बघतच राहिले."

"म्हंजे आपली लाल गाडीच की हो!" पुढून खुशालराव ओरडले. आमचे ड्रायव्हर. नोकरीचं शेवटचं वर्ष, कान मात्र सशाचे. "रिकामी असो का भरलेली, टाइम म्हंजे टाइम! अन् तिकीट कोन फाडे थ्या जहाजात?"

"पर्सर नावाचा अधिकारी असायचा. पैसे, तक्रारी, हरवलेल्या वस्तू, सगळं त्याच्याकडे."

"अन् रुसलेल्या म्हाताऱ्या?" मी विचारलं.

"त्याही."

"मंग कंडक्टरच."

"हो, पण..." त्यानं चष्मा वर सरकवला. "पर्सर दिसायला एवढे बरे नसावेत."

मी लगेच पुढे तोंड केलं. मशीनचं बटण उगीचच दाबलं गेलं आणि कागदाची कोरी पट्टी बाहेर आली. आरशात खुशालरावांच्या मिशा हलल्या.

मग धुराड्यांची गोष्ट निघाली. तेव्हा युरोपातून लाखो गरीब माणसं अमेरिकेला जायची. ती म्हणे धुराडी मोजून तिकीट काढायची. जितकी धुराडी जास्त, तितकं जहाज दमदार. मग कंपन्याही कमी नव्हत्या. इंजिनाला तीनच लागली तरी चौथं वर नुसतं दिसायला बसवायच्या.

"तुमच्या टायटॅनिकचं चौथं तसलंच," तो मागच्या काकांना म्हणाला. "त्यातून धूर नव्हता जात, नुसती हवा खेळायची."

"अन् हिचं?" मी विचारलं.

"हिची चारही खरी. म्हणून तर साडेचार दिवसांत अटलांटिक पार करायची. वीस वर्षं हिच्याहून वेगानं कोणी गेलं नाही."

"अन् आज अमरावतीले कोनासाठी चालली?"

त्यानं जहाजाच्या डेकवर नसलेली धूळ पुसली.

"मुलगी पाहायला चाललोय," तो म्हणाला. "रुक्मिणीनगरात, साडेअकराला. कुंदाआत्याच्या कारमध्ये घरचे पाच जण बसले, जहाज काही मावेना. आत्या म्हणाली, तू जहाजासोबत ये. मुलीच्या वडिलांना द्यायचंय ना हे."

"असं काय. चांगलं हाय मंग." माझा आवाज मलाच कोरडा वाटला. तासाभरापूर्वी गाडीत चढलेला पॅसेंजर, त्यानं मुलगी पाहावी नाहीतर म्हैस पाहावी, मला काय करायचं होतं?

"चांगलं नाही," तो हळूच म्हणाला. "आत्यानं बायोडेटात लिहिलंय, 'जहाजबांधणी क्षेत्रात कार्यरत.' त्यांना वाटतंय मी मोठा बंदरावरचा इंजिनिअर. मला कालच कळलं. आज सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. पण जीभ रेटेल की नाही..."

"तुमच्या आत्यानं चौथं धुराडं बसवलं."

तो हसला. इतक्या मोकळेपणी हसला की मला त्या क्षणी ती कोण कुठली रुक्मिणीनगरवाली अजिबात आवडली नाही.

मूर्तिजापूरला दहा मिनिटं गाडी थांबते. मी कंट्रोलरकडे नोंद करायला गेले. परत आले तोवर दोन लेकरं जहाजाला हात लावून गेली होती म्हणून त्यानं त्याच्यावर शाल पांघरली होती आणि पाणी घ्यायला खाली उतरला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी दारातूनच नेहमीसारखी भराभर डोकी मोजली. खिडकीशी एक म्हातारी शाल गुंडाळून डुलक्या घेताना दिसली, तीही मोजली.

"झाले काय पुरे?" खुशालराव.

"एकेचाळीस. बरोबर."

आणि मी डबल बेल दिली.

बडनेऱ्याच्या अलीकडे ती म्हातारी वाजायला लागली. म्हणजे शालीतून मोबाइल वाजायला लागला. "आजी, फोन घ्या नं," म्हणत मी शालीला हात लावला. शाल घसरली. खाली एक, दोन, तीन, चार लाल धुराडी.

शेजारचा आठ नंबर रिकामा होता.

"खुशालभाऊ! थो जहाजवाला मूर्तिजापुरातच राहिला!"

"मोजले होते नं वं पोरी?"

"जहाज मोजलं मी! मानूस म्हनून जहाज मोजलं!"

गाडीतली चाळीस माणसं हसली. मला रडू येत होतं. दोन वर्षं, सातशे फेऱ्या, एक डाग नाही, आणि शेवटी ज्याला मी मनातल्या मनात... त्यालाच रस्त्यात टाकून आले! तो आता तक्रार करणार, आणि त्यानं का करू नये? एका माणसाचं लग्न माझ्या एका बेलनं बुडालं होतं.

फोन परत वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो... मी जहाजाचा माणूस बोलतोय. मूर्तिजापूरच्या रसवंतीवरून, मालकाच्या फोनवरून."

"माफ करा हो साहेब, माह्यी चूक झाली, मी..."

"जहाज कसं आहे?"

"जहाज बरं हाय."

"धुराडी?"

"चारही हायेत." माझ्या डोळ्यांत पाणी, आणि हा धुराडी विचारतोय. "साहेब, मागून पाऊण तासानं गाडी हाय. तुमी या. मी जहाज पोचवतो रुक्मिणीनगरले. पण साहेब, तुमी माह्यी तक्रार..."

लाइन कट झाली.

अमरावतीला गाडी पावणेअकराला लागली. परतीच्या फेरीला सव्वा तास होता. मी खाकीतच ऑटो केली, जहाजाच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पत्ता सांगितला, जहाज मांडीवर घेतलं आणि प्रत्येक गतिरोधकाला ऑटोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बडनेऱ्यापासून तिसरं धुराडं जरा डुगडुगत होतं, ते बोटानं दाबून धरलं होतं.

दार मुलीच्या वडिलांनीच उघडलं. वामनराव, निवृत्त मास्तर. त्यांनी जहाज पाहिलं, माझा बिल्ला पाहिला, माझ्यामागे पाहिलं.

"नवरदेव कुठी हाय?"

"मूर्तिजापुरात राहिला जी. मी कंडक्टर."

आत सोफ्यावर कुंदाआत्या आणि चार नातेवाईक. पोह्यांच्या बश्या हातातच राहिल्या. आत्याबाईंनी सावरायला तोंड उघडलं, पण वामनराव जहाजासमोर मांडी घालून बसलेसुद्धा होते. त्यांनी एकेक खिडकी बोटानं मोजली.

"चाळीस वर्षं भूगोल शिकवला मी," ते म्हणाले, "अन् समुद्र पाह्यला नाई. म्हनून म्हटलं, जावई तरी समुद्रावरचा पाहू. हे असली जहाजं बांधते काय पोरगा? खरीखुरी?"

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण गाडीत तो म्हणाला होता ना, आज खरं सांगणार आहे! त्याचं खरं त्याच्याआधी त्याच्या जहाजासोबत पोचवावं, असं मला वाटलं. की मला दुसरंच काही वाटत होतं? मी आजही छातीला हात लावून सांगू शकत नाही.

"बांधतात जी," मी म्हणाले, "पण एवढीच. साडेतीन फुटांची. जठारपेठेत दुकान हाय त्याईचं. कागदावरचं आत्याबाईनं लिहिलं, त्याईले ठाऊक नव्हतं. थे आज सोता सांगनार होते."

कोणाच्या तरी हातून बशीत चमचा पडला. आणि आतल्या दारातून हसू फुटलं. रागिणी, म्हणजे पाहायची ती मुलगी. साडी सावरत ती बाहेर आली.

"बाबा, आता तरी ऐका! माझी बँकेतली नोकरी सोडून मला बंदरावर जायचंच नव्हतं."

वामनरावांनी जहाज हळूच आपल्याकडे ओढलं आणि म्हणाले, "पोरगा नाई जमत, तं नाई जमत. पण जहाज मी ठेवतो."

मला दारापर्यंत सोडायला रागिणीच आली. "ताई," ती हळूच म्हणाली, "तुमची बेल देवानंच वाजवली."

स्टँडवर परत आले तेव्हा तो आलेला होता. कंट्रोलरच्या टेबलापाशी उभा, केस विस्कटलेले, हातात माझ्या गाडीचा नंबर लिहिलेला कागद. कंट्रोलर म्हणत होते, "पॅसेंजर सोडून येनं काही छोटी गोष्ट नोहे. तक्रार द्यायची असन तं पुस्तक हाय."

मी दाराशीच थांबले.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटं सांगितली होती, मीच वेळेत चढलो नाही." मग मला पाहून जवळ आला. "तुम्ही कायम आहात का हो?"

"नाई. दोन महिने हायेत अजून."

"मग माझी एक तक्रार आहे. पण ती दोन महिन्यांनी लिहीन."

हुश्श करावं की घाबरावं, कळेना. मी त्याला रुक्मिणीनगरचं सगळं सांगितलं. स्थळ मोडलं, मीच खरं सांगून टाकलं, जहाज वामनरावांनी ठेवून घेतलं. तो स्टँडच्या बाकावर मटकन बसला. मला वाटलं, आता काही बोलतो. त्यानं चष्मा काढला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारची बाई सरकून बसली.

"कालपासून पहिल्यांदा हलकं वाटतंय," तो म्हणाला. मग घाबरून, "तिसरं धुराडं कसं आहे?"

पुढच्या शनिवारी आठ-दहाला तो परत हजर. हातात एक छोटा डबा.

"आज काय नेऊन राहिले?" 'भाऊ' म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही आलाच नाही. दिवसातून दोनशे माणसांना मी भाऊ म्हणते!

"लाइफबोटी. सुरुवातीला हिच्यावर सोळाच होत्या. टायटॅनिक बुडाल्यावर सगळ्याच जहाजांवर वाढवल्या. वामनराव म्हणाले, माझ्या जहाजावर सगळ्यांना पुरतील एवढ्या पाहिजेत."

"अन् डब्यात तं दोनच दिसून राहिल्या."

"एका शनिवारी दोनच बसवायच्या. गोंद वाळायला आठवडा लागतो."

"असा कोनता गोंद हाय जी?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हळू वाळणारा."

असे सात शनिवार गेले. गाडीत सगळ्यांना कळलं होतं, मलाही. आठ नंबर तो आता मोकळा ठेवायचा आणि स्वतः खिडकीशी, सात नंबरवर बसायचा. मी सात नंबरपाशी आले की मशीनमध्ये डोकं घालायची, नाहीतर बाहेरच्या तुरीच्या गंजीकडे बघत तिकीट द्यायची. तो "मॅडम" म्हणायचा, मी "हं" म्हणायची. बोटाला बोट लागलं की पैसे खाली पडायचे, मग दोघंही एकदमच वाकायचो, आणि खुशालराव आरशातून म्हणायचे, "पोरी, पुढं खड्डा हाय, सांभाळ."

एकदा त्यानं मॉरिटानियाचा शेवट सांगितला. अठ्ठावीस वर्षं चालून ती मोडीत निघाली. मोडायला नेताना ज्या नदीवर ती बांधली होती तिच्या तोंडाशी घटकाभर थांबली, आणि किनाऱ्यावर माणसं निरोप द्यायला जमली. पुढे विमानं आली, आठ तासांत पलीकडे न्यायला लागली आणि सगळीच लायनर संपली.

"गाडी मोडीत गेली तरी चालते," खुशालराव गिअर बदलत म्हणाले, "कोनी पाहाले आलं पाह्यजे." त्या दिवशी बडनेऱ्यापर्यंत ते एकदाही ओरडले नाहीत.

मला मात्र रोज एकच भीती होती. ती राखून ठेवलेली तक्रार. आणि दुसरी, जी मी कोणाला सांगत नव्हते. लाइफबोटी संपत आल्या होत्या.

चैताच्या तोंडावर एका शुक्रवारी कायमचा कागद हातात पडला. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ठीक हाय माय. आता तुह्या मर्जीनं." आईनं म्हणे गावात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी अवकाळी आली. बारीक, तिरकस सर, गाडीच्या काचांच्या फटीतून आत उडणारी. तो चढला. हातात डबा नव्हता.

"लाइफबोटी?"

"संपल्या मागच्या शनिवारी." त्यानं चष्म्यावरचे थेंब पुसले. "तुम्ही कायम झालात म्हणे. खुशालराव म्हणाले."

"झाली."

"आता कोणी तक्रार केली तर नोकरी जाणार नाही ना?"

"नाई."

"मग तक्रार पुस्तक द्या."

माझा चेहरा पडला असणार. दोन महिने तो हसत बोलला, लाइफबोटी दाखवल्या, आणि मनात ही गाठ ठेवून होता? मी पुस्तक काढून त्याच्या मांडीवर जवळजवळ आपटलं. बोरगाव ते मूर्तिजापूर तो लिहीत होता, खड्डा आला की थांबत होता. मी एकदाही मागे पाहिलं नाही. मूर्तिजापूरला त्यानं पुस्तक मिटून माझ्या सीटवर ठेवलं आणि पाणी प्यायला उतरला. मी उघडलं.

"तक्रार. मी, अद्वैत मोहरील, जठारपेठ, अकोला. दर शनिवारी आठ-दहाच्या गाडीनं प्रवास करतो. वाहक दामिनी अढाऊ गाडीतल्या प्रत्येकाकडे पाहून तिकीट देतात. म्हाताऱ्यांचा हात धरतात. लेकरांना जागा मिळवून देतात. माझ्याकडे मात्र पाहत नाहीत. सात शनिवार झाले.

"दुसरं. माघात माझी गाडी चुकली त्याचा दोष वाहक अजून स्वतःला देतात. खरी गोष्ट अशी, की गाडी हलली तेव्हा मी वीस पावलांवर होतो. हाक मारली असती तर थांबली असती. मारली नाही. जिला पाहायला निघालो होतो तिचा चेहरा डोळ्यांपुढे येईना. 'अकोल्यात समुद्र कुठी हाय' विचारणारीचाच येत होता. जहाज गाडीत आहे, म्हणजे चांगल्या हातात आहे, एवढं कळत होतं. तेव्हा वाहकाची चूक असलीच तर ती मूर्तिजापूरची नाही, अकोल्याची आहे. योग्य ती कारवाई व्हावी."

मी ते पान तीनदा वाचलं. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलला. मी त्याला टाकून आले नव्हते. तो राहिला होता! जीव असा भांड्यात पडला की मी गाडीत, चाळीस लोकांसमोर, पुस्तक तोंडावर धरून रडले. एक आजीबाई म्हणाली, "कावून रडतं माय, तक्रार केली काय मेल्यानं?"

"हो नं आजी," मी म्हणाले, "बम मोठी केली." तो परत चढला तोवर मी डोळे पुसून पुस्तक पिशवीत घातलं होतं, आणि अमरावतीपर्यंत मागे वळले नाही.

आता गंमत बघा. तक्रार पुस्तकाची पानं नंबरी. फाडता येत नाहीत. संध्याकाळी डेपोत जमा करावंच लागलं. सोमवारी साहेबांनी बोलावलं. त्यांनी पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"अढाऊबाई, तक्रार गंभीर हाय."

"हो साहेब."

"तीन दिवसांत लेखी खुलासा पाह्यजे. नियम म्हंजे नियम."

मी तीन दिवस घेतले नाहीत. तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनानं लिहिलं.

"खुलासा. तक्रारदारांचं म्हणणं खरं आहे. मी सात नंबरच्या सीटकडे पाहत नाही. कारण त्यांच्याकडे पाहिलं की माझी मोजणी चुकते, आणि मोजणी चुकली की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. त्यांच्या तक्रारीतलं एकही धुराडं खोटं नाही. माझ्या खुलाशातलंही नाही. यापुढे गाडी सुटण्याआधी पहिलं डोकं मी त्यांचंच मोजीन, आणि ते गाडीत नसतील तर बेल देणार नाही."

साहेबांनी वाचलं. शिक्का उमटवला. खाली लिहिलं, 'खुलासा समाधानकारक. तक्रारदारास कळवावे.'

"कोन कळवन साहेब?"

"आता थेबी मीच करू काय?" साहेब म्हणाले आणि फाइलमध्ये तोंड खुपसून हसायला लागले.

शनिवारी मूर्तिजापूरला पाऊस नव्हता. ऊन होतं, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. त्याला अजून काहीच कळलेलं नव्हतं. आठवडाभर त्याचा फोन नाही, माझा नाही. सकाळपासून तो सात नंबरवर जीव मुठीत धरून बसला होता. दहा मिनिटं झाली. मी दारात उभी राहिले, खुलाशाची नक्कल त्याच्या मांडीवर ठेवली आणि तो वाचत असताना, माघातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा, सरळ त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं वाचलं. मान वर केली. चष्म्यामागचे डोळे भरून आले होते.

"झाले काय पुरे?" खुशालराव ओरडले.

मी सात नंबरकडे बोट केलं. "एक."

"हजर," अद्वैत म्हणाला.

पुढची एकोणचाळीस डोकी मी हसत हसत मोजली आणि डबल बेल दिली.